साध्या संगणकांची सद्दी

सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या २०२४च्या ऑक्टोबरात पुन्हा बदलली. दोनचा १३,६२,७९,८४१वा घात, वजा एक. अंक ४,१०,२४,३२०. एरवी अशा बातमीला मी पेढे वाटले असते. या वेळी तोंड कडू झालं. डब्लिनमधल्या डेटा सेंटरातल्या जीपीयूने, म्हणजे मुळात चित्रांसाठी घडवलेल्या चिपने, ती पकडली. ल्यूक ड्युरंट यांनी सतरा देशांतली अशी यंत्रं कामाला जुंपली होती. साध्या संगणकांची अठ्ठावीस वर्षांची सद्दी तिथे संपली.

त्याआधीचं भराभर उरकतो. दोनचा घात वजा एक अशा मूळ संख्यांची यादी मर्सेन या गणितीने १६४४ साली दिली, तीत चुका निघाल्या. ल्यूका या गणितीने १८७६ मध्ये एक ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. पुढे महासंगणक आले आणि ज्याच्या हाती क्रे, बहुधा त्याच्याच नावावर विक्रम. कंटाळवाणा काळ!

मग जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी लोकांच्या संगणकांवर अशा मूळ संख्या शोधणारा 'जिम्प्स' प्रकल्प सुरू केला. प्रोग्राम फुकट उतरवून घ्यायचा. संगणक रिकामा असला की तो आपला हिशेब करत बसे. हिशेब तरी किती साधा! चारपासून सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच, लाखो वेळा. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ. मधे एक अंक जरी चुकला, तरी महिन्यांची मेहनत पाण्यात.

१९९८ मध्ये एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला घबाड लागलं. १९९९ मध्ये मिशिगनच्या नयन हजरतवालांना, घरच्या पेंटियमवर १११ दिवसांनी, दहा लाखांहून जास्त अंकांची पहिली मूळ संख्या मिळाली. २००५ मध्ये जर्मनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरला. पुढचा नंबर आपला, असं तेव्हा खरंच वाटायचं. आमच्या हापिसात मात्र विजेचं कारण काढून साहेबांनी तो प्रोग्राम पुसायला लावला. त्याच संगणकांवर दिवसभर पत्ते लावले जात, ते चालत होतं.

वर्तमानपत्रं दर वेळी 'जगातली सर्वात मोठी संख्या' छापत. अरे, तीत एक मिळवा की! आणि 'उपयोग काय?' म्हणणाऱ्यांना कोणी तरी बँकेच्या सुरक्षेची थाप मारी. तिथे लागणाऱ्या मूळ संख्या काही शे अंकांच्या असतात, आणि त्या गुप्त ठेवायच्या असतात. जगजाहीर झालेली कोटी अंकी संख्या कुलपाला काय कामाची? मौज म्हणून शोधली, एवढं कबूल करायला लाज कसली?

२००८ मध्ये कोटी अंकांचा टप्पा एका विद्यापीठाच्या संगणकांनी ओलांडला, तेव्हाच वारं फिरलं होतं. २०१५ च्या सप्टेंबरात मिसुरीतल्या एका संगणकाने तर उत्तर काढून ठेवलं, आणि माणसाचं तिकडे लक्ष गेलं पुढच्या जानेवारीत. २०१८ नंतर जवळजवळ सहा वर्षं काहीच नाही. आणि मग हा डब्लिनचा जीपीयू.

दहा कोटी अंकांच्या मूळ संख्येसाठी दीड लाख डॉलरचं बक्षीस अजून पडून आहे. त्यासाठी घरचा संगणक रात्रभर चालू ठेवायला आता मला कोणी सांगू नये.