रुमाल बांधणे आणि सोडणे

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुनी मोडी कागदपत्रे कापडी रुमालांत बांधलेली आहेत. आत कागद पुष्कळ. उचलावयाचे ओझे मात्र एकच! संगणकातील फाइलींचा असा रुमाल बांधणारे साधन म्हणजे ‘टार’. ते १९७९ साली युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत आले. त्या काळी फाइली चुंबकीय फितीवर साठवीत. म्हणून ‘टेप’ आणि ‘अर्काइव्ह’ या शब्दांवरून हे नाव पडले.

समजा, कर्जतच्या मुलांनी उल्हास नदीच्या पुराच्या नोंदी ‘उल्हास’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. येथे चित्रावर टिचकी मारावयाची नसते. आज्ञा लिहावयाची असते. प्रथम ‘टार’, मग ‘सी’ आणि ‘एफ’ ही अक्षरे, नंतर नव्या रुमालाचे नाव व शेवटी ‘उल्हास’. ‘सी’ म्हणजे बांध. ‘एफ’च्या पुढचे नाव रुमालाचे. तेथे चुकून जुन्याच फाइलीचे नाव पडले, तर तिच्यातील मजकूर पुसला जातो. साधन विचारीतही नाही! ‘झेड’ जोडल्यास रुमाल आवळला जातो. एरवी टार नुसता बांधतो.

‘सी’च्या जागी ‘एक्स’ लिहिल्यास रुमाल सुटतो. तो रिकाम्या फोल्डरमध्येच सोडावा, नाही तर त्याच नावाच्या फाइलींवर जुन्या फाइली बसतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. माणसे गेली, घरे गेली, घरांतील कागदपत्रेही गेली. म्हणून कर्जतच्या रुमालाची एक प्रत खालापुरास ठेवावी. ती पोहोचली, की तेथे ‘टी’ लिहून आतील यादी पाहावी आणि एकदा रुमाल सोडूनही पाहावा.