हत्तीखान्यातलं विमान

मागच्या व्याख्यानात आपण मिलिंद राजाच्या रथापाशी थांबलो होतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. मग रथ म्हणायचं कशाला, असा नागसेनाचा प्रश्न. आज तोच प्रश्न आपण एका विमानाला विचारू.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे लष्करी विमानं मोप उरली. ती साम्राज्यात भेट म्हणून वाटली गेली. हिंदुस्थानच्या वाट्याला सुमारे १०० आली. त्यांतली काही डीएच-९ बिकानेरच्या महाराजा गंगासिंगांकडे पोचली. (१९१९च्या व्हर्सायच्या तहावर सही करणारे हेच गंगासिंग.) डीएच-९ म्हणजे खालीवर दोन पंख असलेलं, दोघांनी बसायचं बॉम्बफेकी विमान. इंजिन दगाबाज, भेट मिळालेल्या वस्तूंचं असं असतंच. पुढे ही विमानं राजवाड्याच्या हत्तीखान्यात पडून राहिली आणि लाकूड वाळवीनं खाल्लं.

इंग्लंडच्या गाय ब्लॅक यांनी त्यांतली दोन मिळवून उभी केली. एक डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. दुसरं २०१९मध्ये चक्क उडालं.

आता बघा, पोखरलेल्या लाकडावर माणसाचा जीव टांगता येत नाही. उडवायचं तर भार पेलणारं लाकूड नवं, कापड नवं. मग जुन्याचा उपयोग काय? तर पोखरलेली दांडीसुद्धा मापं सांगते: भोक कुठं, खाच किती खोल, सांधा कसा बसवला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराचा हात तिच्यात शिल्लक असतो. म्हणून ती फेकायची नसते, जपायची असते.

हॉब्सनं विचारलं होतं, जहाजाच्या काढलेल्या जुन्या फळ्यांचं दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? पुष्कळ जण म्हणतील, उडणारं विमान ही नक्कलच. आम्हाला ते पटत नाही. इंजिनाचा आवाज, वाऱ्यात ताणलेल्या तारा, उघड्या बैठकीतली थंडी, हेही त्या विमानाचं ज्ञान आहे, आणि उभ्या विमानातून ते मिळत नाही. मात्र दर उड्डाणाला जुना भाग थोडा झिजतो, हेही खरं. तेव्हा एक उडवावं, एक शांत ठेवावं, आणि काय नवं, काय जुनं याची नोंद प्रामाणिकपणे करावी. नोंद नसेल तर मात्र ती फसवणूक.

आणखी एक डीएच-९ बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. ते उडत नाही, पण त्याचं गाव सुटलेलं नाही. ‘मूळ’ म्हणताना गाव मोजायचं की नाही, इथून पुढच्या वेळी सुरुवात करू.