न पडणारा उंदीर

प्लेगच्या काळात ‘घरात उंदीर पडला’ एवढे कानी येताच माणसे बिऱ्हाड उचलून गावाबाहेर झोपड्यांत राहावयास जात. इंदुरात १९१७ च्या दिवाळीत पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने मोठी मिरवणूक काढली, तीत उंदराचा अवाढव्य पुतळा होता आणि शेवटी तो जाळण्यात आला. उंदीर शत्रू खराच. परंतु आधी स्वतः मरून तो माणसाला सावध करीत असे.

हंता विषाणूच्या बाबतीत ही सूचना मिळत नाही. कोरियातील हंतान नदीवरून त्याचे नाव पडले. तेथील शेतउंदरात तो सापडल्याचे डॉ. हो वांग ली यांनी १९७८ साली प्रसिद्ध केले. असा उंदीर धडधाकट हिंडतो आणि त्याच्या मूत्रातून, विष्ठेतून व लाळेतून विषाणू बाहेर पडत राहतो. ही घाण वाळली, तिच्यावर केरसुणी फिरली, की धुळीबरोबर तो आपल्या श्वासात येतो. प्लेगला पिसू लागे. येथे केर काढणे पुरते.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज विषाणू हा हंताचाच भाऊबंद. त्याने होणाऱ्या रोगात फुप्फुसांत पाणी भरते व दर दहा रोग्यांत तीन-चार दगावतात. श्वासमार्गातील पेशींच्या पृष्ठभागावर प्रोटोकॅडहेरिन-१ नावाचे प्रथिन असते. विषाणू त्याला चिकटतो आणि पेशी त्याला एका सूक्ष्म पिशवीत घालून गिळते. पिशवीत आम्लता वाढते. वास्तविक आम्लाने पाहुण्याचा निकाल लागावा. घडते ते उलटेच! आम्लामुळे विषाणूच्या आवरणावरील प्रथिने आकार बदलतात, त्याचे आवरण पिशवीच्या आवरणाशी एकजीव होते आणि आतील आर.एन.ए.चे तीन तुकडे पेशीत उतरतात. हे प्रथिन नसलेले हॅमस्टर तयार करून पाहिले, तेव्हा बहुतेक या रोगातून बचावले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरियातील हंतानला मात्र या प्रथिनाची गरज पडत नाही. त्याची वाट निराळी.

आपल्या देशात १९६४ साली वेलोर येथे या कुळातील एक विषाणू चिचुंद्रीत मिळाला. चिचुंद्री ही खरे तर उंदरांच्या जातीची नव्हे, आणि त्या विषाणूने माणसास रोग होतो असे सिद्ध झालेले नाही.

तेव्हा दिवाळीपूर्वी माळा किंवा धान्याची कोठी उघडाल, आणि उंदरांच्या लेंड्या दिसतील, तर केरसुणी बाजूस ठेवावी. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या टाकून आपण बाहेर थांबावे. मग ब्लीचिंग पावडरचे पाणी हलके शिंपडावे, पाच मिनिटे मुरू द्यावे, आणि हातमोजे घालून ओल्या फडक्याने सारे टिपून घ्यावे.