लॉर्ड रीडिंग आणि वऱ्हाडचा वाद

बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाड प्रांतात मोडत असे, त्या प्रांताची खरी मालकी कोणाची हा प्रश्न १८५३ नंतर अनेक दशके धुमसत राहिला, आणि त्यावर इंग्रजी सत्तेची भूमिका सर्वांत कठोर शब्दांत मांडणारा व्हाइसरॉय हा मुरलेला सनदी अधिकारी नसून लंडनचा वकील, खासदार आणि राजदूत होता. रूफस आयझॅक्स, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड रीडिंग, यांचा जन्म १८६० मध्ये लंडनमधील एका ज्यू फळव्यापाऱ्याच्या घरी झाला. शेअरबाजारात हात पोळल्यावर ते वकिलीकडे वळले, १९०४ मध्ये उदारमतवादी पक्षातर्फे संसदेत गेले, १९१० मध्ये अॅटर्नी जनरल आणि १९१३ मध्ये इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून कर्ज मिळवण्याच्या वाटाघाटी त्यांनी केल्या, १९१८ मध्ये ते वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले, आणि एप्रिल १९२१ मध्ये व्हाइसरॉय, म्हणजे राजाचा प्रतिनिधी व गव्हर्नर जनरल, या नात्याने भारतात आले.

वऱ्हाडचा गुंता त्यापूर्वीचा होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा थकलेला खर्च वसूल करण्यासाठी गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५३ मध्ये हा कापसाचा सुपीक मुलूख हैदराबादच्या निजामाकडून ताब्यात घेतला, आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या अटीवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. निजामाचे स्वामित्व मात्र कागदावर शिल्लक राहिले. पुढे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला, त्यासाठी वऱ्हाडला स्वराज्याचे अधिकार देण्याचेही आश्वासन दिले, आणि नकार मिळाल्यावर परराष्ट्र व्यवहार सोडल्यास आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहोत, असा दावा केला.

या दाव्याला रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने उत्तर दिले, आणि त्या पत्रात व्हाइसरॉयपेक्षा न्यायाधीशच अधिक बोलतो. एकदा निकाल लागलेला वाद त्याच पक्षकारांनी पुन्हा पुन्हा उकरू नये, या प्राङ्न्यायाच्या तत्त्वामागील व्यवहारी शहाणपण त्यांनी निजामाला ऐकवले. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ब्रिटिश राजसत्तेचे वर्चस्व केवळ तहांवर उभे नसून ते तहांहून स्वतंत्र आहे, त्यामुळे कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. या अधिसत्तेच्या सिद्धांताने केवळ हैदराबादच नव्हे, तर सर्वच संस्थाने अस्वस्थ झाली. मात्र ज्या कायदेपंडिताची सारी कारकीर्द करारांचे अर्थ लावण्यात गेली, त्यानेच तहांना दुय्यम ठरवावे, हे न्यायाला धरून नव्हते. आणि बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचा शेतकरी वा खामगावचा कापूस व्यापारी यांना कोणाच्या अमलाखाली राहायचे आहे, हे या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंनी कधी विचारले नाही, ही त्याहून मोठी उणीव होती.

डिसेंबर १९३५ मध्ये रीडिंग यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षीच्या करारात वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य करण्यात आले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हा किताब मिळाला, पण बुलढाण्याचा कारभार मध्य प्रांताच्या सरकारकडून नागपूरहूनच चालत राहिला.