वादळाचं चित्र आणि बेरजांची काटकसर

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत होतं. अशा वेळी मालवण-देवगडात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर उपग्रहाने टिपलेले ढग दिसतात. वीज गेलेली असते, रेंज जेमतेम. वाटेत बिघडलेलं चित्र दुरुस्त करायचं काम फोनमधल्या चिपचं, आणि तिची प्रत्येक बेरीज बॅटरी खाते.

दुरुस्ती शक्य होते ती चित्र पाठवताना जोडलेल्या जादा बिटांमुळे; ते जोडायची रीत म्हणजे कोड. ते जोडणं सोपं; उलगडणं जिकिरीचं.

१९७१ साली मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर-९ यानाच्या कोडमध्ये दर ६ बिटांसाठी ३२ बिट पाठवले जात. त्यातले ७ उलटे झाले तरी मूळ ६ सापडत. त्यासाठी आलेली मालिका हादामार्ड सारणीच्या, म्हणजे फक्त +१ आणि -१ असलेल्या चौकटीच्या, ३२ ओळींशी ताडून पाहायची. सरळ हिशेबाने ३२ गुणिले ३२, म्हणजे हजारावर बेरजा-वजाबाक्या. पण यातल्या बऱ्याचशा पुन्हा पुन्हा त्याच येतात. म्हणून दोन-दोन संख्यांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीची बेरीज आणि वजाबाकी एकदाच करायची, आलेल्या उत्तरांच्या नव्या जोड्या लावायच्या. ५ फेऱ्यांत, अवघ्या १६० क्रियांत काम होतं आणि उत्तर तसूभरही बदलत नाही. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत यासाठी बनवलेलं यंत्र 'ग्रीन मशीन' म्हणून ओळखलं जातं.

हादामार्ड सारण्या आणि कोड यांचं नातं राजचंद्र बोस आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये शोधनिबंधात मांडलं होतं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. गणितज्ञ ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं अनुमान खोटं ठरवणाऱ्या तिघांपैकी एक म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांचं हे दुसरं कामही शाळकरी मुलांना सांगायला हवं.

५जी फोनमधला एलडीपीसी हा कोडचा प्रकार रॉबर्ट गॅलगर यांच्या १९६० च्या प्रबंधातला. तेव्हाच्या यंत्रांना तो उलगडणं झेपेना, म्हणून तो तीसेक वर्षं अडगळीत पडला. इथेही काटकसरच कामी आली. या कोडमध्ये बिटांचे गट असतात आणि प्रत्येक गटात १ या अंकांची संख्या सम असावी लागते. एका बिटाबद्दल बाकीचे किती खात्रीने सांगतात, हे काढायला किचकट फलनं लागत. त्याऐवजी त्या बाकीच्यांत ज्याची खात्री सर्वांत कमी, तेवढीच धरायची. असं उत्तर जरा जास्तच आत्मविश्वासाचं येतं. ते तीन-चतुर्थांशाच्या आसपास खाली आणलं की तूट बरीचशी भरून निघते. सगळे गट जुळले की चिप तिथेच थांबते. रेंज चांगली असेल तर थोड्या फेऱ्यांत भागतं; कमकुवत असेल तर फेऱ्या वाढतात, बॅटरीही जास्त उतरते.