रक्तातल्या साखरेवर यंत्राचा पहारा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, साखरेसाठी प्रसिद्ध. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि साखर कशी करावी हे इथल्या शेतकऱ्याला कळले. आज गोष्ट सांगायची आहे ती साखर ताब्यात ठेवण्याची. पोत्यातली नव्हे, रक्तातली!

कारखान्यात पॅनमन उकळत्या पाकाचा नमुना काचेवर घेतो, दाणा निरखतो आणि पुढचा हुकूम देतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात परिचारिकेचे काम काहीसे असेच असते. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने अ‍ॅड्रिनॅलीन, कॉर्टिसॉल उसळतात, यकृत साखर सोडत राहते आणि शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. ज्याला मधुमेह कधी शिवला नाही, त्याचीही साखर मग दोनशेच्या घरात जाते. जखम चिघळण्याचे भय वाढते. म्हणून शिरेतून इन्शुलिन द्यायचे, वरचेवर रक्त तपासायचे आणि मात्रा बदलायची.

आता गंमत पाहा. २००१ साली बेल्जममधील लूव्हेन येथील डॉक्टरांनी १,५४८ रोग्यांवर प्रयोग केला. त्यांत हृदयाच्या शस्त्रक्रियेचेच रोगी बहुसंख्य होते. साखर ८० ते ११० मध्ये घट्ट धरली, तर अतिदक्षता विभागातले मृत्यू शेकडा ८ वरून ४.६ वर आले. साऱ्या जगाने तोच कित्ता गिरवायला घेतला. पण २००९ साली सहा हजारांवर रोग्यांच्या, अनेक देशांत झालेल्या प्रयोगात नेमके उलट घडले. घट्ट धरलेल्यांत मृत्यू शेकडा २७.५, सैल धरलेल्यांत २४.९!

साखर फार खाली घसरण्याचे प्रमाणही घट्ट धरलेल्यांतच कितीतरी अधिक होते. एरवी साखर उतरली की माणसाला घाम सुटतो, हात कापतात, तो काही खायला मागतो. गुंगीत पडलेला रोगी काय मागणार? हल्ली बहुतेक ठिकाणी १८० च्या आत ठेवण्यावर समाधान मानतात.

इथेच यंत्राचा प्रवेश होतो. त्याची अंगे तीन: साखर मोजणारे, हिशेब करणारे आणि औषध सोडणारे. १९७७ साली बाजारात आलेला बायोस्टेटर हा त्यांचा पूर्वज. रक्त सतत शोषून घेऊन तो मोजमाप करी, म्हणून काही तासांपुरताच सोयीचा. जपानमधील कोची येथे शस्त्रक्रियेच्या रोग्यांसाठी असे पूर्ण स्वयंचलित यंत्र वापरले गेले. लूव्हेनकरांनी मात्र फक्त हिशेब संगणकाकडे दिला, आणि ३०० रोग्यांच्या तुलनेत तो तरबेज परिचारिकांपेक्षाही सरस ठरला. इन्शुलिनचा परिणाम उशिरा दिसतो, तेव्हा आधीची मात्रा आणि साखरेचा कल दोन्ही ध्यानात ठेवावे लागतात. पहाटे तीन वाजता, चार खाटा सांभाळताना माणसाला हे कठीणच.

तरी एक मेख उरतेच. रोग्याला स्कॅनसाठी हलवताना नळीतून जाणारे अन्न बंद करतात. इन्शुलिन तसेच चालू राहिले, तर तासाभरात साखर कोसळेल. अन्न थांबले आहे, हे संगणकाला कळवावे लागते. आणि नळीचा चाप ओढताना खाटेशी उभी असते ती परिचारिकाच.