ई-मेलची अनेक खाती एकाच ठिकाणी कशी सांभाळावीत?



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे बदल आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण शेतीच्या बाहेरचा नाही. माती परीक्षणाचा अहवाल, बँकेचा खातेउतारा, पीक विम्याची पावती, ठिबकच्या दुकानदाराचे दरपत्रक असे कितीतरी कागद आता ई-मेलने येतात. सभासद गट कचेरीत येतात आणि म्हणतात, "साहेब, अहवाल पाठवला म्हणता, पण आम्हाला काय दिसला नाही." मोबाईल उघडून बघावे तर अहवाल कधीचा आलेला असतो, फक्त तो दुसऱ्याच खात्यावर आलेला असतो.

याचे कारण उघड आहे. एका घरात आता एकच खाते राहिलेले नाही. घरच्या कर्त्याचे एक. त्याच्याकडे उपसा सिंचन संस्थेचे सचिवपद असेल तर संस्थेचे एक. मुलाने कॉलेजात असताना काढून दिलेले एक. आणि कुठल्याशा ऑनलाइन अर्जासाठी घाईत उघडलेले चौथे. चार पेट्या चार ठिकाणी. रोज चारही उघडून बघणार कोण?

नुकसान कसे होते

एका पाणीपुरवठा संस्थेत असे घडले. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार जुन्या सचिवांच्या घरगुती खात्यावर चालत होता. सचिव बदलले, पण पत्ता बदलला नाही. पंपाच्या वीज बिलाची सूचना जुन्या खात्यावर जात राहिली. जुन्या सचिवांना वाटले, नवे बघत असतील. नव्यांना वाटले, सूचना आलीच नाही. मुदत उलटली, दंड बसला आणि तो सगळ्या सभासदांच्या पाणीपट्टीत आला. यात कोणाची लबाडी नव्हती, व्यवस्था नव्हती एवढेच. पाणी असूनही चारी फुटलेली असली की शेवटचे रान कोरडे राहते, तशातला हा प्रकार.

यावर सोपा उपाय आहे. सगळी खाती संगणकावरच्या एकाच प्रोग्राममध्ये लावावीत. खाती वेगळीच राहतात, पण बघायची जागा एक होते.

प्रोग्राम कोणता?

असे प्रोग्राम बरेच आहेत. उदाहरणासाठी आम्ही थंडरबर्ड घेतो, कारण तो फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो. फायरफॉक्स ब्राउझरच्या मोझिलाच्याच घरातला हा प्रोग्राम. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली. विंडोजसोबत येणारा 'मेल' हा जुना प्रोग्राम काही जण वापरत होते. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी थांबवला आहे. त्यावर अवलंबून असलेल्यांनीही आता दुसरी सोय पाहावी.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. थंडरबर्ड म्हणजे नवे खाते नव्हे. आपली खाती जिथे आहेत तिथेच राहतात. थंडरबर्ड हे नुसते कपाट आहे. प्रत्येक खात्याला त्यात एक वेगळा कप्पा मिळतो.

तीन शब्द समजले की निम्मे काम झाले

खाते लावताना आयमॅप, पॉप आणि एसएमटीपी हे तीन शब्द समोर येतात. घाबरायचे कारण नाही.

एसएमटीपी म्हणजे पत्र बाहेर पाठवायची रीत. ती १९८२ साली ठरली. गावातल्या लाल पेटीत पत्र टाकतो, तसेच हे काम.

पॉप ही पत्र आणायची रीत, १९८४ ची. यात टपाल कचेरीतून पत्रे उचलून घरी आणायची. ती आपल्या संगणकात येतात आणि कचेरीत ठेवायला सांगितली नाहीत तर तिथून निघून जातात. थंडरबर्डमध्ये 'सर्व्हरवर ठेवा' अशी खूण आणि किती दिवस ठेवायचे त्याचा आकडा असतो. तो आकडा जरूर बघावा, नाहीतर मोबाईलवर दिसणारी पत्रे काही दिवसांनी गायब झाली म्हणून ओरड होते.

आयमॅप ही मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेली रीत. यात मूळ दफ्तर कचेरीतच राहते. संगणक आणि मोबाईल दोन्हीकडून आपण तेच दफ्तर बघतो. संगणकावर वाचलेले पत्र मोबाईलवरही वाचलेले दिसते. संगणकावर पुसले तर मोबाईलवरूनही जाते, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

आमची शिफारस आयमॅपची आहे. विशेषतः संस्थेच्या खात्याला आयमॅपच लावावे, कारण अध्यक्ष आणि सचिव दोघांनाही तेच दफ्तर दिसले पाहिजे.

खाते लावण्याची पद्धत

थंडरबर्ड उघडून नवे खाते जोडण्याची सोय निवडावी. आपले नाव, ई-मेलचा पत्ता आणि विचारला तर पासवर्ड द्यावा. नेहमीच्या कंपन्यांचे खाते असेल तर पुढची माहिती प्रोग्राम स्वतःच शोधतो. आयमॅप की पॉप असे विचारले की आयमॅप निवडावे.

जीमेलचे खाते असेल तर गूगलची स्वतःची खिडकी उघडते. पासवर्ड तिथे द्यावा आणि परवानगी द्यावी. नुसता पासवर्ड घेऊन कोणत्याही प्रोग्रामला आत सोडण्याची जुनी सोय गूगलने २०२२ पासून बंद करत आणली आहे. म्हणून जुन्या संगणकावर पूर्वी चालणारे खाते एकाएकी बंद पडले असेल, तर दोष बहुधा पासवर्डचा नसतो, जुन्या पद्धतीचा असतो.

पहिले खाते नीट चालले, एक पत्र आले आणि एक गेले, की मगच दुसरे लावावे. सगळी एकदम लावू नयेत. एका सरीत पाणी पुरते पोचल्यावर दुसरी फोडतो, तसेच करावे.

रोजचा वापर

डाव्या बाजूला प्रत्येक खात्याचे नाव आणि त्याखाली त्याचे कप्पे दिसतात. 'युनिफाइड फोल्डर्स' ही मांडणी निवडली तर सगळ्या खात्यांची आलेली पत्रे एकाच यादीत दिसतात. सकाळी धारा काढून झाल्या की पाच मिनिटांत चारही खाती बघून होतात. २०२४ सालापासूनच्या आवृत्तीत प्रत्येक खात्याला रंगही देता येतो. संस्थेला हिरवा, घरच्याला निळा असा ठेवला की गल्लत होत नाही.

सर्वात जास्त गल्लत उत्तर देताना होते. ज्या खात्यावर पत्र आले त्याच खात्यावरून उत्तर जाईल अशी व्यवस्था प्रोग्राम करतो. पण नवे पत्र लिहिताना वरची 'फ्रॉम' ही ओळ डोळ्यांनी वाचून मगच पाठवावे. संस्थेचे दरपत्रक मुलाच्या नावाने गेले तर समोरचा व्यापारी ते मानणार नाही, आणि पुढे वाद झालाच तर संस्थेच्या दफ्तरात त्याची नक्कलही सापडणार नाही. प्रत्येक खात्याला पत्राखालची सही वेगळी ठेवता येते. संस्थेच्या सहीत पदाचा उल्लेख असावा.

'मेसेज फिल्टर्स' ही आणखी एक कामाची सोय. बँकेकडून आलेले पत्र बँकेच्या कप्प्यात, माती परीक्षणाचे पत्र शेतीच्या कप्प्यात, असे एकदा सांगून ठेवले की प्रोग्राम स्वतःच वर्गवारी करतो.

जागा भरली तर?

गूगलच्या फुकट खात्याला १५ जीबी जागा मिळते, पण ती पत्रे, फोटो आणि ड्राइव्हमधले कागद या सगळ्यांत मिळून असते. लग्नाचे फोटो भरले की पत्रांची जागा संपते आणि नवे पत्र येतच नाही. अशा वेळी जुनी पत्रे थंडरबर्डमधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवता येतात. मात्र हलवलेले पत्र मग फक्त त्या संगणकात उरते. संगणक बिघडला की तेही गेले. म्हणून असे करणाऱ्याने थंडरबर्डचे संपूर्ण प्रोफाइल महिन्यातून एकदा प्रोग्राम बंद करून पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. बियाणे एकाच कणगीत ठेवू नये हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

किल्ल्या कोणाकडे?

सोयीबरोबर जोखीमही येते. सगळी खाती एका संगणकात लावली म्हणजे तो संगणक उघडणाऱ्याला सगळी पत्रे दिसणार. म्हणून संगणकाला स्वतःचा पासवर्ड हवाच. थंडरबर्डमधला 'प्रायमरी पासवर्ड' साठवलेल्या पासवर्डांचे रक्षण करतो, पण संगणकात उतरलेली पत्रे त्याने झाकली जात नाहीत. गावातल्या संगणक केंद्रावर किंवा दुसऱ्याच्या दुकानात आपली खाती कधीही लावू नयेत.

संस्थेचे खाते संस्थेच्याच नावाने असावे, कुणा एकाच्या घरगुती खात्यावर कारभार चालवू नये. सचिव बदलताना चार्ज देण्याच्या यादीत प्रोसिडिंग बुक, शिक्का, चेकबुक यांबरोबर ई-मेलचे खाते लिहावे. त्याच दिवशी पासवर्ड बदलावा, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलावा आणि जुन्या संगणकावरून ते खाते काढावे. आयमॅपचे खाते प्रोग्राममधून काढले तरी सर्व्हरवरची पत्रे जागेवर राहतात, तेव्हा भीती बाळगू नये.

वापरात नसलेल्या खात्याचेही बघावे. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती पुसण्याचे गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरू केले आहे. अशा खात्यावर बँकेचा पत्ता नोंदलेला असेल तर आधी बँकेत पत्ता बदलून घ्यावा. ते खाते ठेवायचेच असेल तर वर्षातून एकदोनदा ब्राउझरमध्ये उघडून वापरावे.

आणि कोणत्याही खात्यावर "बिल भरा, नाहीतर जोडणी तोडू" असे धमकीचे पत्र आले, तर त्यातल्या दुव्यावर बोट लावू नये. आधी संबंधित कचेरीत विचारावे. पैशाची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता काय करावे?

एका कागदावर घरातल्या सगळ्या खात्यांची यादी करावी. खाते कोणाचे, कशासाठी आणि कोणता मोबाईल जोडलेला, एवढे लिहावे. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये. नको ती खाती काढावीत, हवी ती एका जागी लावावीत. घरातली शिकणारी मुले-मुली हे काम एका दुपारात करतील. त्यांना जमले नाही तर यादी घेऊन गट कचेरीत यावे, आम्ही बसून लावून देऊ. गळीत हंगाम सुरू झाला की तोड, वाहतूक आणि वजनाच्या धांदलीत कुणालाच सवड नसते. तेव्हा हे काम त्याआधीच उरकावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी